दुसऱ्यांनी पाठवलेले बदल आणि तक्रारी कशा हाताळाव्यात: मुक्तस्रोत प्रकल्प नव्याने सांभाळणाऱ्यांसाठी

आकड्यांत दिलेली रक्कम मराठीत अक्षरी करून देणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, आपण लिहिली आहे, असे समजू. १,२५,४८४ हा आकडा दिला की ती ‘एक लाख पंचवीस हजार चारशे चौऱ्याऐंशी’ असे उत्तर देते. आपण ती गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी ठेवण्याच्या संकेतस्थळावर, ठेवली, बिले आणि पावत्या छापणाऱ्या काही जणांनी वापरायला घेतली, आणि एका सकाळी अनोळखी माणसाचा पहिला इश्यू, म्हणजे लेखी तक्रार किंवा सूचना, आला. आठवडाभरात पहिली पुल रिक्वेस्टही, म्हणजे ‘मी कोडमध्ये केलेला हा बदल घ्या’ अशी विनंतीही, आली. प्रोग्रॅम लिहिणे आपल्याला येते, पण इथून पुढचे काम निराळे आहे आणि ते सहसा कोणी शिकवत नाही. हा लेख त्या कामाविषयी आहे, आणि हेच उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवले आहे.

एक भेद आधीच मनात पक्का करून ठेवावा. अभिप्राय देणारा माणूस आपल्याला अडचण सांगतो, तर योगदान देणारा माणूस त्या अडचणीवरचा तोडगा आपल्या हाती ठेवतो. अडचण ऐकून घेण्यात आपले फारसे काही जात नाही. ती नेहमी ऐकावी. तोडगा मात्र एकदा मर्ज केला, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळला, की तो पाठवणाऱ्याचा राहत नाही, आपला होतो. दोन वर्षांनी त्यात बिघाड निघाला, तर तक्रार आपल्याकडे येईल, आणि तोपर्यंत मूळ लेखक नोकरी बदलून, दुसऱ्या कामात गुंतून कदाचित दिसेनासा झालेला असेल. त्यामुळे ‘हा बदल चांगला आहे का’ या प्रश्नाबरोबरच ‘हा बदल मी पुढे सांभाळू शकेन का’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. पुढच्या बहुतेक सूचना याच प्रश्नातून निघालेल्या आहेत.

पहिली पायरी: कोणी येण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा

रेपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या सगळ्या फायली असलेल्या साठ्यात, लायसन्सची फाईल नसेल, तर कोड सगळ्यांना दिसत असला तरी तो वापरण्याचा, बदलण्याचा किंवा वाटण्याचा हक्क कायद्याने कोणालाही मिळत नाही, कारण लेखकाचे स्वामित्वहक्क आपोआप लागू असतात. म्हणून एमआयटी, अपाचे २.० किंवा जीपीएल यांपैकी एक लायसन्स योगदान यायला लागण्याआधीच निवडावे. वीस जणांचा कोड आत आल्यानंतर लायसन्स बदलायचे म्हटले, तर त्या वीस जणांना शोधून त्यांची संमती घेत बसावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाईलमध्ये, ‘ही लायब्ररी काय करत नाही’ असा एक छोटा परिच्छेद लिहावा. काय करते ते सगळेच लिहितात. काय करत नाही ते लिहिले, तर पुढचे निम्मे नकार सौम्य होतात, कारण मग तो नकार त्या माणसाला नसतो, आधीपासून ठरलेल्या मर्यादेकडे बोट दाखवणे एवढाच असतो. गोव्यातला एखादा वापरकर्ता ‘यात देवनागरी कोंकणीही घ्या’ अशी मागणी करील, आणि ती रास्तच आहे, कारण १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोंकणी ही गोव्याची राजभाषा आहे आणि तिथल्या पावत्यांनाही अक्षरी रक्कम लागते. परंतु कोंकणी संख्यावाचक शब्द बरोबर आहेत की नाहीत हे आपल्याला स्वतःला तपासता येणार नसेल, तर ‘प्रत्येक भाषा स्वतंत्र फाईलमध्ये राहील आणि ती भाषा बोलणारी किमान एक व्यक्ती त्या फाईलची जबाबदारी घेईल, तरच ती स्वीकारली जाईल’ असा नियम आधीच लिहिलेला असावा. अशा नियमामुळे मागणी करणाऱ्याला दार बंद दिसत नाही, आत येण्याची अट तेवढी कळते.

तिसरी गोष्ट कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाईल. तिच्यात प्रकल्प आपल्या संगणकावर कसा चालवायचा, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) कशा चालवायच्या, मोठा बदल करण्याआधी इश्यूमध्ये चर्चा का करायची आणि उत्तर साधारण किती दिवसांत मिळेल, एवढे असले तरी पुरते. मी तरी त्यात ‘उत्तर रविवारी मिळेल’ असे स्पष्ट लिहितो. आठवड्यातून दोनच तास देता येत असतील, तर ते सांगण्यात कमीपणा नाही, उलट वाट पाहणाऱ्याला त्याने दिलासा मिळतो. आपल्याकडच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी अनेकदा ‘सर, हे काम मला द्या’ असे लिहितात आणि नंतर परीक्षा आल्या की काम तसेच राहते. तोवर दुसरे कोणी ते हाती घेत नाही. त्यासाठी ‘इश्यू कोणाच्याही नावावर राखून ठेवला जात नाही, काम सुरू केल्यावर कच्ची पुल रिक्वेस्ट उघडा, आणि चौदा दिवस हालचाल झाली नाही तर ते काम इतरांसाठी मोकळे होईल’ असा नियम करावा.

चौथी गोष्ट आचारसंहिता. ती स्वतः रचण्याची गरज नाही; २०१४ पासून प्रचलित असलेला कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंटचा मसुदा पुष्कळ प्रकल्प वापरतात. मात्र त्यात तक्रार करण्यासाठी जो पत्ता द्यायचा असतो, तो खरोखर कोणीतरी पाहत असला पाहिजे.

दुसरी पायरी: आलेला इश्यू वाचणे

‘चालत नाही’ एवढाच मजकूर असलेला इश्यू येणार, हे धरूनच चालावे. तो लिहिणारा आळशी असतो असे नाही. आपल्याला कोणती माहिती लागते हे त्याला माहीत नसते. म्हणून इश्यूचा टेम्पलेट ठेवावा आणि त्यात चारच प्रश्न विचारावेत: कोणता आकडा दिला, कोणते उत्तर मिळाले, कोणते उत्तर अपेक्षित होते, आणि लायब्ररीची कोणती आवृत्ती वापरली. पंधरा प्रश्नांचा टेम्पलेट ठेवला, तर लोक तो पुसून टाकतात किंवा इश्यूच लिहीत नाहीत.

मराठी मजकुराशी संबंधित प्रकल्पात आणखी एक अट अत्यंत गरजेची आहे: अक्षरे छायाचित्रात न पाठवता मजकूर म्हणून चिकटवावीत. कारण सांगतो. ‘चौऱ्याऐंशी’ या शब्दातले ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलन्त आणि ‘य’ येतो. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह आणि त्यानंतर ‘य’ येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘तुमच्या लायब्ररीने छापलेले चौऱ्याऐंशी आमच्या प्रोग्रॅममध्ये शोधले तर सापडत नाही’ अशी तक्रार आली आणि सोबत केवळ पडद्याचे छायाचित्र असले, तर तुम्ही आठवडाभर शोधलेत तरी कारण हाती लागणार नाही. मजकूर चिकटवलेला असेल, तर पाच मिनिटांत लागेल. ‘चौऱ्याहत्तर’ आणि ‘चौऱ्याण्णव’ यांचेही तेच. अशी तक्रार सुटली की आपण कोणती पद्धत वापरतो ते रीडमीमध्ये लिहून ठेवावे, कारण तीच तक्रार पुन्हा येणार.

छायाचित्रांचा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. लोक घाईत खऱ्या धनादेशाचे किंवा ग्राहकाच्या बिलाचे छायाचित्र जोडतात, आणि त्यावर खाते क्रमांक, नाव, पत्ता सगळे असते. असे दिसताक्षणी इतर कोणत्याही चर्चेआधी ते काढून टाकावे. इश्यू नुसता संपादित करून भागत नाही, कारण जुना मजकूर संपादनाच्या इतिहासात दिसत राहतो. ती जुनी नोंदही पुसावी, आणि त्या माणसाला काय केले आणि का केले ते सौम्य शब्दांत कळवावे. हीच माहिती चुकून एखाद्या कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीत, गेली, तर फाईल पुसल्यानेही ती जात नाही, कारण या नोंदी ठेवणाऱ्या गिट या साधनाचा सगळा इतिहास प्रत्येक प्रतीबरोबर जातो.

पहिले उत्तर लवकर द्यावे, मग तोडगा हाती नसला तरी चालेल. उदाहरणार्थ: ‘आपण कळवल्याबद्दल आभारी आहे. मी १०,००,०८४ हा आकडा देऊन पाहिला आणि मलाही हेच चुकीचे उत्तर मिळाले. कारण अजून शोधलेले नाही. पुढच्या रविवारी पाहीन.’ या चार वाक्यांत वाचणाऱ्याला कळते की तक्रार पोहोचली, ती खरी आहे हे मान्य झाले आणि पुढे काय होणार. माहिती अपुरी असेल, तर नेमकी कोणती हवी ते विचारावे. तक्रार इंग्रजीत, मराठीत किंवा रोमन लिपीतल्या मराठीत आली, तरी शक्यतो त्याच भाषेत उत्तर द्यावे. मात्र निर्णय झाल्यावर तो एका ओळीत प्रकल्पाच्या नेहमीच्या भाषेत लिहावा, म्हणजे पुढच्या शोधणाऱ्याला सापडेल.

गिटहब नव्या रेपॉझिटरीला बग, डुप्लिकेट, हेल्प वाँटेड, गुड फर्स्ट इश्यू अशी काही लेबले आपोआप देते, आणि छोट्या प्रकल्पाला तेवढी पुरतात. ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल मात्र विचार करून लावावे. ज्या कामाची फाईल, अपेक्षित उत्तर आणि तपासण्याची रीत आपण इश्यूमध्येच लिहून देऊ शकतो, तेच काम नवख्यासाठी योग्य; आपल्याला कंटाळवाणे वाटणारे काम आपोआप सोपे ठरत नाही.

वाद निकाली काढणे

काही अभिप्रायांत चूक कोणाचीच नसते. दोन रास्त मते समोरासमोर येतात. आपल्या लायब्ररीत कोटीच्या पुढे काय लिहायचे, हा प्रश्न पाहा. कोणी म्हणेल, ‘खर्व’ हा शब्द घ्या. पण खर्व म्हणजे किती? भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या क्रमात कोटीनंतर अर्बुद, अब्ज आणि मग खर्व येतो, म्हणजे खर्व होतो एक हजार कोटी. हिंदीतला ‘खरब’ मात्र दहा हजार कोटींचा असतो, आणि त्या सवयीने मराठीतही खर्व तेवढाच मानणारे लोक आहेत. पैशाच्या कागदावर दहापटीचा फरक पडू देणे परवडणारे नाही. त्यामुळे कोण बरोबर यावर महिनाभर चर्चा करण्यापेक्षा लायब्ररीने खर्व हा शब्द वापरूच नये आणि वर्तमानपत्रे लिहितात तसे ‘एक हजार कोटी’, ‘दहा हजार कोटी’ असे लिहावे, हा निर्णय मला योग्य वाटतो. निर्णय घेतल्यावर त्याचे कारण इश्यूमध्ये नोंदवावे, डॉक्युमेंटेशनमध्ये एक परिच्छेद टाकावा आणि इश्यू बंद करावा.

दुसरे उदाहरण २०१९ चे. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले आणि त्यावर राज्यभर वाद झाला. शाळेसाठी अॅप लिहिणाऱ्या एखाद्याने हे वाचन लायब्ररीत मागितले, तर आपले वैयक्तिक मत बाजूला ठेवून दोनच गोष्टी पाहाव्यात: नेहमीच्या वापरकर्त्याला मिळणारे उत्तर यामुळे बदलते का, आणि हा पर्याय सांभाळायला किती कष्ट पडतील. मूळ वाचन तसेच ठेवून वेगळा पर्याय देता येत असेल, तर तो घ्यायला हरकत नाही. धनादेशावर मात्र कोणाच्याही नकळत ‘वीस एक’ उमटता कामा नये. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे लिनक्स कर्नेलमध्ये, वापरकर्त्याचे चालू असलेले प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, हा नियम लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी वर्षानुवर्षे कठोरपणे पाळला आहे. छोट्या लायब्ररीलाही तो तितकाच लागू पडतो.

शुद्धलेखनाच्या वादात आपण न्यायाधीश होऊ नये. प्रमाणलेखनाचे नियम किंवा राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाणित केलेली वर्णमाला यांपैकी कोणता आधार प्रकल्प मानतो, ते एकदा लिहावे आणि प्रत्येक वेळी त्याकडे निर्देश करावा. बोलीतली रूपे चुकीची आहेत असे म्हणण्याचे काही कारण नाही. लायब्ररीने एकच रूप निवडले आहे, एवढेच सांगावे.

पुल रिक्वेस्ट तपासण्याचा क्रम

नवखे मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, सहसा पहिल्या ओळीपासून वाचू लागतात आणि स्पेस, नावे, स्वल्पविराम यांवर वीस टिपा लिहून ठेवतात. मग शेवटी लक्षात येते की हा बदलच नको होता. तोपर्यंत समोरच्याने त्या वीस टिपा दुरुस्तही केलेल्या असतात. याहून अन्याय्य वागणूक मुक्तस्रोताच्या कामात क्वचितच असेल. म्हणून क्रम उलटा ठेवावा. हा बदल प्रकल्पात असायला हवा का, हे आधी ठरवावे. मग तो सांगितल्याप्रमाणे वागतो का, ते चालवून पाहावे. त्यानंतर टेस्ट आहेत का आणि त्या खऱ्या आहेत का, म्हणजे मूळ कोडवर चालवल्यास त्या नापास होतात का, हे तपासावे. बदल नसतानाही पास होणारी टेस्ट काहीच सिद्ध करत नाही. कोडची रचना त्यानंतर पाहावी. मांडणीचे सगळे नियम फॉरमॅटर नावाच्या साधनाकडे सोपवावेत. माणसाने माणसाला स्पेस मोजायला सांगू नये.

अनोळखी माणसाचा कोड स्वतःच्या संगणकावर चालवण्याआधी तो वाचावा, विशेषतः इन्स्टॉल होताना आपोआप चालणाऱ्या फायली आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या वर्कफ्लोच्या फायली. लोक फुकटच्या सर्व्हरवर क्रिप्टो चलन काढण्यासाठी पुल रिक्वेस्टचा वापर करू लागले, तेव्हा गिटहबने २०२१ मध्ये पहिल्यांदा योगदान देणाऱ्याच्या वर्कफ्लोला मेंटेनरची परवानगी आवश्यक केली. ती परवानगी सवयीने देऊन टाकू नये.

हेतू चांगला असलेला बदलही घातक ठरू शकतो. इंटरनेटवरचे संपर्क सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीमध्ये २०११ च्या शेवटच्या दिवशी घेतलेल्या एका योगदानात समोरून आलेली लांबी खरी आहे का, हे तपासायचे राहून गेले होते. लिहिणाऱ्याच्याही नजरेतून ते सुटले आणि तपासणाऱ्याच्याही. एप्रिल २०१४ मध्ये तो दोष हार्टब्लीड या नावाने जगापुढे आला, तोवर असंख्य सर्व्हरच्या स्मृतीतली माहिती बाहेरून वाचता येण्याजोगी झाली होती. बाहेरून येणारी प्रत्येक किंमत कुठे तपासली जाते, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक रिव्ह्यूमध्ये विचारावा. आपल्या लायब्ररीपुरता तो असा: ऋण आकडा आला, दशांश आला, ‘१२ अ’ असा मजकूर आला, तर काय होते?

टीप लिहिताना ती कोडविषयी असावी, माणसाविषयी नव्हे, आणि तिच्यात कारण असावे. ‘हे चुकीचे आहे’ असे लिहिण्यापेक्षा ‘शून्य दिल्यावर इथे रिकामी ओळ मिळते, पावतीवर ‘शून्य’ असे यायला हवे’ असे लिहिल्याने समोरच्याला दुरुस्तीही सापडते. कोणती टीप मान्य करणे आवश्यक आहे आणि कोणती केवळ सूचना आहे, तेही वेगळे सांगावे. पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याला शेवटचा किरकोळ बदल करायला लावून पुन्हा आठवडाभर थांबवण्यापेक्षा तो आपण स्वतः करून मर्ज करावा. मात्र कमिटवर त्याचेच नाव राहू द्यावे. त्याचा कोड बाजूला ठेवून तीच कल्पना आपल्या नावाने लिहिणे हे त्याचे श्रम घेण्यासारखे आहे, आणि असा माणूस पुन्हा येत नाही.

हा मजकूर पाठवणाऱ्याचाच आहे का?

योगदान देणाऱ्याला तो मजकूर देण्याचा हक्क आहे का, हे विचारणे अनेकांना उद्धट वाटते. तसे वाटून घेऊ नये. लिनक्स कर्नेलने २००४ पासून प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ आवश्यक केली आहे. ‘हा बदल मी लिहिला आहे किंवा तो या लायसन्सखाली देण्याचा मला हक्क आहे’ असे ती ओळ जाहीर करते. छोट्या प्रकल्पाला वकिलाने लिहिलेल्या कराराची गरज नसते. ही एक ओळ मागणे बहुधा पुरेसे असते.

मराठी प्रकल्पांत हा प्रश्न कोडपेक्षा शब्दसंग्रहांमुळे जास्त येतो. कोणीतरी मोठ्या उत्साहाने छापील शब्दकोशातून टंकलेली हजारो शब्दांची यादी पाठवते, आणि त्यामागचे कष्ट दिसत असल्यामुळे नाही म्हणणे जड जाते. पण तो शब्दकोश स्वामित्वहक्काखाली असेल, तर त्याची पीडीएफ कुठेतरी मोफत मिळते एवढ्याने तो मुक्त होत नाही. अशी यादी घेऊ नये, आणि कारण स्पष्ट सांगावे.

नकार

नकार देण्याचा सर्वांत वाईट मार्ग म्हणजे उत्तरच न देणे. पुल रिक्वेस्ट चार महिने उघडी राहिली की लिहिणाऱ्याला रोज थोडी आशा वाटत राहते, आणि आपल्याला ती यादी उघडण्याचीच भीती वाटू लागते. नक्की घ्यायचे नाही असे ज्या दिवशी कळेल, त्याच आठवड्यात सांगावे. नमुना देतो: ‘आपण वेळ काढून हा बदल लिहिलात, त्याबद्दल मनापासून आभार. ही लायब्ररी रक्कम अक्षरी करण्यापुरतीच ठेवायची असे ठरवले आहे. पावतीची पीडीएफ तयार करण्याचा भाग यात घेतला, तर त्याची देखभाल माझ्याकडून होणार नाही. म्हणून ही पुल रिक्वेस्ट बंद करत आहे. आपण हा भाग स्वतंत्र लायब्ररी म्हणून प्रसिद्ध केलात, तर रीडमीमध्ये तिचा दुवा आनंदाने देईन.’ यात ‘सध्या’, ‘पुढे पाहू’, ‘कदाचित’ हे शब्द मुद्दाम टाळले आहेत. घ्यायचे नसेल तेव्हा ते शब्द वापरणे म्हणजे समोरच्याला विनाकारण ताटकळत ठेवणे होय.

अनेक दिवस हालचाल नसलेले इश्यू आपोआप बंद करणारी साधने मिळतात. मोठ्या प्रकल्पांची अडचण मी समजू शकतो, पण छोट्या प्रकल्पाने ती वापरू नयेत असे माझे ठाम मत आहे. बग सहा महिने जुना झाला म्हणून तो नाहीसा होत नाही.

पोकळ योगदान आणि यंत्राने लिहिलेले अहवाल

हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट देणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. ऑक्टोबर २०२० मध्ये रीडमीत एखादे विशेषण घालणाऱ्या निरर्थक पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला की आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतः होकार दिला आहे तेवढेच उपक्रमात धरावे लागले. त्यांतल्या पुष्कळ पुल रिक्वेस्ट भारतातल्या विद्यार्थ्यांच्या होत्या, आणि याचे मला वाईट वाटते ते वेगळ्या कारणाने: त्या मुलांना योगदान म्हणजे काय हे कोणी नीट सांगितले नव्हते, कसे मोजले जाते एवढेच सांगितले होते. अशी पुल रिक्वेस्ट आली तर अपमान न करता दोन ओळींत बंद करावी आणि एखाद्या खऱ्या, लहान इश्यूचा दुवा द्यावा. त्यांतले थोडे तरी परत येतात. तेच खाते पुन्हा पुन्हा तसेच करत असेल, तर मात्र ते विनासंकोच ब्लॉक करावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले अहवाल ओळखणे याहून कठीण आहे, कारण त्यांची भाषा सफाईदार असते आणि त्यांत नसलेल्या फंक्शनची नावेही आत्मविश्वासाने दिलेली असतात. इंटरनेटवरून माहिती आणण्या-पाठवण्याचे साधन असलेल्या कर्ल या प्रकल्पाने २०१९ पासून सुरक्षेतले दोष शोधणाऱ्यांना बक्षीस देण्याची योजना चालवली होती. अशा पोकळ अहवालांचा भार असह्य होऊन जानेवारी २०२६ अखेर ती बंद करण्यात आली. जेंटू लिनक्सने तर एप्रिल २०२४ मध्ये अशी साधने वापरून लिहिलेले योगदान घ्यायचेच नाही असे ठरवले. आपण कोणताही नियम केला तरी तो लिहून ठेवावा. मी एकच कसोटी लावतो: पाठवणाऱ्याने बदल स्वतः चालवून पाहिलेला असावा आणि त्याविषयीच्या प्रश्नांना स्वतःच्या शब्दांत उत्तर देता यावे.

सुरक्षेची तक्रार वेगळ्या दाराने

सुरक्षेतला दोष उघड इश्यूमध्ये लिहिला गेला, तर दुरुस्ती होण्याआधी तो सगळ्यांना कळतो. म्हणून सिक्युरिटी नावाची फाईल ठेवून त्यात खासगी पत्ता द्यावा, किंवा गिटहबवरची खासगी तक्रारीची सोय सुरू करावी. तक्रार आली की ती मिळाल्याचे कळवावे, दुरुस्ती कधीपर्यंत होईल ते सांगावे, आणि दुरुस्त आवृत्ती आल्यानंतरच तपशील जाहीर करावा. गूगलचा प्रोजेक्ट झीरो गट २०१४ पासून साधारण ९० दिवसांची मुदत पाळतो. बाहेरचे अनेक संशोधक तोच आकडा गृहीत धरतात, तेव्हा तेवढ्या अवधीत आपण हालचाल केली पाहिजे.

चाव्या कोणाला द्यायच्या

एखादा माणूस वर्षभर चांगले बदल पाठवतो, इतरांच्या इश्यूंना उत्तरे देतो, आणि आपण थकलेले असतो. अशा वेळी त्याला मर्ज करण्याचा अधिकार द्यावासा वाटणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक वेळा योग्यही आहे. तरीही फायली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीची हकीकत प्रत्येक नव्या मेंटेनरने समजून घ्यावी. ती लायब्ररी अनेक वर्षे एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी ‘प्रकल्प मंदावला आहे, दुसरा मेंटेनर नेमा’ असा दबाव त्याच्यावर आणायला सुरुवात केली. त्याने आपल्या प्रकृतीच्या मर्यादा मोकळेपणाने सांगितल्या होत्या, तरी तो दबाव थांबला नाही. त्याच काळात ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी नियमित, उपयुक्त बदल पाठवत होते, आणि हळूहळू त्या नावाकडे प्रकल्पाचे अधिकार गेले. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचे दार, म्हणजे चोरून आत शिरण्याची वाट, बसवलेले निघाले. ते टेस्टसाठी ठेवलेल्या बायनरी, म्हणजे माणसाला वाचता न येणाऱ्या, फायलींत लपवलेले होते, आणि ते जोडणारा भाग गिटमध्ये नव्हता, फक्त प्रसिद्ध केलेल्या संग्रहात होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुरून लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला आणि त्याने त्याचा माग काढला, म्हणून २९ मार्च २०२४ रोजी ते उघडकीस आले.

यातून लहान प्रकल्पाने घ्यायच्या गोष्टी ठोस आहेत. घाई करणाऱ्या अनोळखी खात्यांना उत्तर देण्यास आपण बांधील नाही. फुकट दिलेल्या कामावर कोणाचा हुकूम चालत नाही. अधिकार टप्प्याटप्प्याने द्यावेत: आधी इश्यूंना लेबल लावण्याचा, मग रिव्ह्यू करण्याचा, मग मर्जचा, आणि रिलीज प्रसिद्ध करण्याचा सर्वांत शेवटी. मुख्य ब्रँचवर थेट कोड टाकता येणार नाही आणि दुसऱ्याच्या मान्यतेशिवाय मर्ज होणार नाही अशी सोय चालू करावी, आणि ती आपल्यालाही लागू ठेवावी. वाचता न येणारी बायनरी फाईल कशी तयार केली हे सांगता येत नसेल, तर ती घेऊ नये. रिलीजचा संग्रह गिटमधल्या कोडवरून यंत्राने तयार व्हावा, कोणाच्या संगणकावर हाताने नव्हे.

मर्ज झाल्यानंतर

बदल आत गेला की इश्यू बंद करताना तो कोणत्या आवृत्तीत मिळेल ते लिहावे, आणि रिलीजच्या टिपणात कोड लिहिणाऱ्याबरोबर बग कळवणाऱ्याचेही नाव घ्यावे. लिनक्स कर्नेलमध्ये ‘रिपोर्टेड-बाय’ आणि ‘टेस्टेड-बाय’ अशा ओळी कमिटमध्येच असतात, ही प्रथा मला फार मोलाची वाटते. ‘चौऱ्याऐंशी’ सापडत नाही हे ज्या हिशेबनिसाने कळवले, त्याने एकही ओळ लिहिलेली नसली तरी लायब्ररी सुधारली ती त्याच्यामुळे. नाव जाहीर करण्याआधी मात्र त्याला विचारावे, कारण काहींना ते नको असते.

आणि एखाद्या वर्षी वेळच उरला नाही, तर रीडमीच्या पहिल्या ओळीत तसे लिहावे: नवे बदल घेतले जात नाहीत, फक्त सुरक्षेचे दोष पाहिले जातील. तेही जमेनासे झाले, तर प्रकल्प कोणाला हवा आहे का हे उघडपणे विचारावे, तीन महिने वाट पाहावी, उघड्या पुल रिक्वेस्टना एकेक ओळीचे उत्तर देऊन त्या बंद कराव्यात आणि मग रेपॉझिटरी आर्काइव्ह करावी, म्हणजे फक्त वाचण्यापुरती ठेवावी. आर्काइव्ह केलेला कोड सगळ्यांना वाचता येतो आणि त्याची फोर्कही, म्हणजे स्वतःची स्वतंत्र प्रतही, करता येते, त्यामुळे ज्याला पुढे न्यायचा असेल, त्याला त्यासाठी आपली वाट पाहावी लागत नाही.